गरज उंचीची की प्रतिष्ठेची?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि मोटारींच्या किमती उतरल्या. झेंडूच्या माळा लेवून विक्रेत्यांच्या दालनांतून बाहेर पडणाऱ्या वाहनांत त्या सणासुदीला डोळ्यांत भरली ती उंच, रुंद, दणकट दिसणारी एसयूव्ही. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहने आता याच वर्गात मोडतात. कष्टाच्या पैशातून कोणी मोटार घेत असेल तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु घर ते कार्यालय, कार्यालय ते मंडई आणि वर्षातून दोनदा गावी, एवढाच ज्यांचा प्रवास आहे, अशा चौकोनी कुटुंबाने हे अवजड वाहन दारात का उभे करावे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

या गाडीचे मूळ रणभूमीवर आहे. दुसऱ्या महायुद्धातील जीप चिखल-दगडांतून वाट काढण्यासाठी जन्मली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच काही वर्षांत महिंद्र समूहाने ती आपल्याकडे जुळवायला घेतली आणि पुढे वनखाते, लष्कर, तलाठ्याचा दौरा या सर्वांशी तिचे नाते जडले. मेळघाटात फिरणारा डॉक्टर, सह्याद्रीच्या कुशीत ज्याची शेती आहे असा बागायतदार, यांना चारही चाकांना जोर पुरविणारी गाडी लागते. त्यांच्याविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. मात्र आज शहरांत दिसणाऱ्या बहुसंख्य एसयूव्हींच्या दोनच चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. म्हणजे बाह्यरूप जीपचे आणि अंतरंग साध्या मोटारीचे! खड्डे आणि नियमबाह्य गतिरोधक यांमुळे जमिनीपासून उंच गाडी बरी वाटते, हा युक्तिवाद मात्र खोटा नाही. नगरपालिकांच्या रस्त्यांची शिक्षा नागरिक स्वतःच्या खिशातून भोगत आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

या वाढत्या उंचीस शासनाच्या करधोरणाचाही हातभार लागला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि हीच लांबीची मर्यादा पुढे वस्तू व सेवा करातही टिकून राहिली. आजही चार मीटरच्या आतील आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के, तर मोठ्या गाडीवर ४० टक्के कर आहे. हेतू चांगला होता. परंतु कायद्याने लांबी बांधली, उंची आणि वजन मोकळे सोडले. परिणामी त्याच चार मीटरांत गाडी वर वाढली आणि बसक्या, हलक्या मोटारीइतकाच कर भरून एसयूव्ही म्हणून मिरवू लागली. पॅरिसमध्ये ४ फेब्रुवारी २०२४ रोजी नागरिकांनी मतदान करून १.६ टनांपेक्षा जड पेट्रोल-डिझेल गाड्यांचे वाहनतळ शुल्क तिप्पट केले. तेथे मोजमाप वजनाचे होते, ही गोष्ट आपल्या धोरणकर्त्यांनी लक्षात घ्यावी.

वजनाचा आणि उंचीचा हिशेब इंधनात चुकवावा लागतो. शहरात दर सिग्नलला थांबून पुन्हा निघताना जादा वजन पेट्रोल खाते. द्रुतगती मार्गावर वारा आडवा येतो, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि उंच गाडीची छातीही मोठी असते. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो. स्वदेशीचा विचार मानणाऱ्या घरांनी तरी हे परकीय चलन आपण कशासाठी जाळतो, याचा हिशेब मांडावा. शिवाय प्रश्न केवळ गाडीत बसणाऱ्यांचा नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात, सुमारे एक मीटरपेक्षा उंच नाक असलेल्या गाडीची धडक बसल्यास पादचारी दगावण्याची शक्यता बसक्या, उतरत्या नाकाच्या गाडीच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के अधिक आढळली. आपल्या गल्ल्यांतून मुले शाळेत पायीच जातात.

प्रतिष्ठेचा हाच मोह पेट्रोल पंपावरही पाठ सोडत नाही. 'साधे की प्रीमियम?' या प्रश्नावर नव्या गाडीचा धनी छाती फुगवून महागडे पेट्रोल मागतो. (डिझेल गाडीवाल्यांनी तर ऑक्टेनची चिंताच करू नये, त्यांचे माप सीटेन, ते वेगळेच आहे.) ऑक्टेन हा इंधनाच्या ताकदीचा आकडा नव्हे, तो त्याच्या सहनशीलतेचा आकडा आहे. इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठरल्या क्षणी ठिणगीने पेटते. कमी ऑक्टेनचे मिश्रण दाब सहन न होऊन भलत्याच वेळी पेटते आणि इंजिनात ठोके ऐकू येतात. ज्या इंजिनात दाब अधिक, त्यालाच अधिक ऑक्टेन हवे. उरलेल्यांना ते पाजून शक्ती वाढत नाही की मायलेज वाढत नाही.

त्यातून आता परिस्थितीही बदलली आहे. एकेकाळी आपले साधे पेट्रोल ८८ ऑक्टेनचे होते, नंतर ते ९१ चे झाले आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यानंतर ते ९५ च्या आसपास पोहोचले आहे. तेव्हा ९५ हा आकडा पाहून जादा पैसे मोजणारा ऑक्टेनच्या बाबतीत फारसे काही मिळवत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडे घटते. ते प्रीमियम पेट्रोलने भरून येईल ही समजूतही चुकीची. आपल्या उसाच्या मळीतून देशाचे तेल वाचते हे स्वागतार्हच आहे, मात्र २०२३ पूर्वीच्या गाड्यांच्या मालकांनी आपल्या गाडीसाठी किती इथेनॉल चालते, हे उत्पादकाकडून जाणून घ्यावे. टर्बो इंजिनाच्या काही गाड्यांना उच्च ऑक्टेन खरोखरच लागते. त्यांच्या मालकांनी काटकसर करू नये.

कोणत्या गाडीला काय लागते, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत आणि पुष्कळदा इंधनटाकीच्या झाकणामागेच छापलेले असते. ते वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि पंपावरील मुलाला विचारावे लागत नाही.