शहराचा अभ्यास, पण कोणता विषय?

बारावीनंतर नगरनियोजनाची पदवी घेता येते, हे जळगाव जामोदच्या अनेक घरांत ठाऊक नसते. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये हा बी.प्लॅन अभ्यासक्रम ४ वर्षांचा आहे. आधी सर्वेक्षण, नकाशे, संख्याशास्त्र सर्वांनाच शिकावे लागते. पुढे विषय निवडायची वेळ आली की मुले गोंधळतात. घरबांधणी, वाहतूक की पर्यावरण? आईबाप विचारतात, ‘नोकरी कशात लागेल?’

पालकहो, मजुरी करून शिकवणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नोकरीच्या जाहिरातींत या पदवीचे नाव येते का, ते प्रवेशाआधीच पाहा. पण जोडीला आणखी एक प्रश्न विचारा : आपल्या वस्तीत काय अडते? आपला तालुका खारपाणपट्ट्यातला. इथे खारे पाणी आणि मूत्रपिंडाचे आजार यांची चर्चा घरोघरी आहे. जिने गोड्या पाण्यासाठी हंडे वाहिले, तिला पाण्याचे नियोजन पुस्तकाआधीच उमगलेले असते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे द्यायच्या कामांची यादी घटनेत आली. नगररचना, पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा त्यात आहेत. मात्र विकास आराखडा वाचणारे आपले कोणी नसेल, तर रस्ता कोणाच्या घरावरून जातो हे पाडकामाच्या दिवशीच कळते. हरकतीची मुदत तेव्हा टळून गेलेली असते.

मुलांनो, निवडीची भीती नको. खरे विशेष शिक्षण पदव्युत्तर वर्गात होते. तिथे वाट बदलता येते. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मात्र, जमल्यास, आपल्याच गावावर करा. आम्ही तो आवडीने वाचू.