धरलेलं सोडायचं केव्हा?



आपल्या भाषेत 'चिकाटी' हे कौतुक आणि 'धरसोड' ही जवळजवळ शिवी. हाती घेतलेलं काम तडीस न्यावं, मध्येच टाकू नये, हे ऐकतच आपण वाढलो. परीक्षा, व्हिसा, पीएच.डी. असे डोंगर चिकाटीनेच चढून इथवर आलेल्यांना तर ते वेगळं सांगायला नको. पण एवढी वर्षं संशोधनात काढल्यावर मला वाटतं की चाललेलं काम कधी थांबवायचं हे ओळखणं चिकाटीइतकंच अवघड आहे, आणि ते मात्र कोणी शिकवत नाही.

नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्यांना बटेव्हियाची फर्मीलॅब म्हणजे शेजारचं घर. तिथला टेव्हाट्रॉन १९८३ मध्ये सुरू झाला आणि १९९५ साली टॉप क्वार्क तिथेच सापडला. २०१० पासून जिनिव्हाजवळचा एलएचसी साडेतीन पट ऊर्जेवर चालू लागला. लॅबला आपलं यंत्र आणखी तीन वर्षं चालवायचं होतं, पण पैसे मिळाले नाहीत. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते कायमचं बंद झालं. ज्यांच्या नेतृत्वाखाली ते बांधलं गेलं, त्या हेलन एडवर्ड्स यांनीच ते बंद केलं. लॅब मात्र संपली नाही. तिने आपली ताकद न्यूट्रिनो आणि म्यूऑनच्या प्रयोगांकडे वळवली. टेव्हाट्रॉन फसला असं आज कोणी म्हणत नाही.

यंत्राचं ठीक आहे, कोणी म्हणेल. माणसांच्या लढ्याचं काय? त्याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षं चालवला. दगड खाल्ले, तुरुंगवास भोगला, खेड्यापाड्यांत बहिष्कार सोसला. दरवाजे उघडले नाहीत. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून आपली भूमिका कळवली. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं किंवा मंदिरात गेल्याने ते समान ठरतील म्हणून हा लढा नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. ते काम झालं आहे, आता शक्ती राजकारणात आणि शिक्षणात लावावी, असा त्या पत्राचा आशय. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवला परिषदेनंतर सत्याग्रह थांबला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, पुढे घटनेचा मसुदा आणि अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७. बाबासाहेबांनी मंदिराचा दरवाजा सोडला, समतेची मागणी एक इंचही सोडली नाही.

आता याच्या उलट उदाहरण. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. पगाराची मागणी न्याय्य होती, आणि हवी ती युनियन निवडण्याचा हक्कही. मालक आणि सरकार बधले नाहीत, ही त्यांची जबाबदारी आहेच. पण हा संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. हजारोंच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. 'आता थांबू, उरलेली ताकद वाचवू, पुन्हा लढू' असं म्हणण्याची जागाच कोणाकडे उरली नव्हती. नेत्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण संप लांबला की त्याची रोजची किंमत चुलीपाशी बसलेली बाई मोजते. थांबायचं की नाही या निर्णयात तिचा शब्द किती असतो, हा प्रश्न आपण पुरोगाम्यांनी फारसा विचारलेला नाही.

मग प्रत्येक लांबलेला लढा सोडावा का? मुळीच नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी जवळजवळ दोन दशकं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावर आधी वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात कायदा झाला. पण ती नुसती जिद्द नव्हती. आक्षेप आले तशी मसुद्यात दुरुस्ती झाली, कलमं वगळली गेली, समजावण्याची पद्धत बदलत गेली. ध्येय तेच ठेवून साधन बदलत राहणं आणि एकाच बंद दारावर डोकं आपटत राहणं, या दोन्हींना आपण 'चिकाटी' म्हणतो. घोटाळा तिथे होतो.

हे सगळं आज लिहायचं कारण घरगुती आहे. आमच्या भागातली काही कुटुंबं मिळून मराठवाड्यातल्या एका शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीसाठी गेली सात वर्षं पैसे पाठवतो. वीज नसते, शिकवणारा टिकत नाही, खोलीला बहुतेक दिवस कुलूप असतं. पैसे चालू ठेवायचे का, असं विचारलं की एकच उत्तर येतं: "एवढं केलं, आता कसं सोडायचं?" पण गेलेले पैसे दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत. त्यामुळे निर्णयाच्या तराजूत त्यांना वजन नाही. विचारायचं ते एवढंच, की पुढच्या वर्षीचे पैसे कुठे जास्त उपयोगी पडतील.

त्याचं उत्तर तिथल्या बाईंनीच पत्रातून दिलंय. आठवीनंतर मुली शाळा सोडतात, कारण पुढची शाळा नऊ किलोमीटरवर आहे. सायकली द्या, असं त्या म्हणतात.

आपण देश सोडून आलेली माणसं. आपल्याला 'सोडा' म्हणणं सोपं आणि त्याचे परिणाम भोगणारे दुसरे, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच निर्णय इथे सबर्बातल्या दिवाणखान्यात बसून घ्यायचा नाही, बाईंना आणि पालकांना विचारून घ्यायचा. आणि कुलूप लागण्यापूर्वी ते कॉम्प्युटर जिथे वीज आणि शिक्षक आहेत अशा शाळेला पोचवायचे.

येत्या बैठकीत मी खोलीचे पैसे थांबवण्याच्या बाजूने मत देणार आहे. सायकलींच्या ठरावात एक ओळ मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी, असा माझा आग्रह राहील: दोन वर्षांनी किती मुली दहावीपर्यंत टिकल्या ते मोजायचं, आणि आकडा हलला नसेल तर हेही थांबवून दुसरा मार्ग शोधायचा.