प्रात्यक्षिकाचे तीस गुण

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला रसायनशास्त्राचे 70 गुण लेखी परीक्षेला असतात आणि 30 प्रात्यक्षिकाला. सत्तरांसाठी मुले वर्षभर राबतात. तीस मात्र कॉलेज सांभाळून घेईल, असा अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरकडच्या बहुतेक घरांचा भरवसा असतो आणि बहुधा तो खराही ठरतो. मी अंबरनाथचा. आज अमेरिकेत रासायनिक उद्योगात नोकरी करतो. या हमखास मिळणाऱ्या तीस गुणांनी आपल्या मुलांचे भले कमी आणि नुकसान जास्त होते, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या पट्ट्यात रसायनशास्त्र शोधायला पुस्तक उघडावे लागत नाही. अंबरनाथला 1920च्या दशकात विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना आला. शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून धागा काढतात. अंबरनाथ पूर्वेला आनंदनगर एमआयडीसीत तर रसायनांचे कारखाने एकाला एक लागून आहेत. त्यांच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये याच भागातून बीएस्सी झालेली कितीतरी मुले काम करतात. नमुना घ्यायचा, टायट्रेशन करायचे, रीडिंग लिहायचे, खाली सही करायची. ही सवय ज्या प्रयोगशाळेत लागायला हवी, ती बारावीची प्रयोगशाळा.

तिथला एक प्रयोग आठवून पाहा. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, खाली कोनिकल फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड. त्यात सल्फ्युरिक ॲसिड घालून द्रावण साधारण 60 ते 70 अंशांपर्यंत गरम करायचे. पहिल्या थेंबांचा जांभळा रंग जायला वेळ लागतो. पुढे, अभिक्रियेतच तयार झालेले मँगनीजचे आयन तिला वेग देतात आणि रंग झटपट जाऊ लागतो. मग एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी छटा टिकून राहते. तिथे तोटी बंद. द्रावण गडद असल्यामुळे रीडिंग वरच्या कडेने घ्यायचे. दोन रीडिंग जुळली की सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, लिहायचा. घाई केली तर छटा गडद होते आणि प्रयोग पुन्हा करावा लागतो. संयम, नजर आणि खरेपणा या तिन्हींची परीक्षा त्या एका थेंबात होते.

प्रत्यक्षात काय होते? वर्षभर प्रयोगशाळेचे तास रडतखडत होतात, कारण मूल सकाळपासून क्लासमध्ये असते. क्लास आणि कॉलेजच्या संगनमताला आळा घालायला राज्य सरकारने 2018 मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, यावरूनच दुखणे किती जुने आहे ते कळते. परीक्षा जवळ आली की जर्नल मित्राचे बघून उतरवले जाते. सीबीआर किती यायला हवा हे आधीच ठाऊक असते, मग 10.1, 10.2, 10.1 असे रीडिंग लिहायला ब्युरेटला हात लावावा लागत नाही. त्याला गुण मिळतात. सतराव्या वर्षी मूल शिकते ते एवढेच, की न केलेल्या प्रयोगाचे आकडे लिहिले तरी सही मिळते.

हीच सवय पुढे लॅबच्या लॉगबुकात जाते. खोट्या नोंदींची किंमत काय असते, हे आपण इथे अमेरिकेत राहणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. मे 2013 मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकी कंपनीने भेसळयुक्त औषधे आणि खोटी निवेदने यांबाबतचे आरोप न्यायालयात कबूल केले आणि एकूण 50 कोटी डॉलर भरण्याची तडजोड झाली. गावाकडची किंमत वालधुनी नदी मोजते आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात टँकरमधून तिच्या पात्रात सोडलेल्या रसायनांतून वायू पसरला आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. त्या टँकरचालकाला कोणी रसायनशास्त्र शिकवले नसेल. पण कारखान्यातून काय बाहेर पडते याची नोंद शिकलेली माणसेच करतात, आणि ती नोंद खरी असेल तरच नदीकाठच्या माणसांना आधार आहे.

यावर पालकांचे उत्तर ठरलेले असते. बाकीची कॉलेजे तीसपैकी एकोणतीस देणार आणि आमच्या मुलाला तुम्ही बावीस देणार, म्हणजे नुकसान कोणाचे? भीती खोटी नाही, पण अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी ती बरीचशी गैरलागू आहे. तिथे गुणवत्ता यादी प्रामुख्याने सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीच्या विषयगटात खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के मिळवले की पात्रता पूर्ण होते. सीईटीत रसायनशास्त्राचे प्रश्न सगळे पर्यायी. म्हणजे हाताने केलेल्या कामाला किंमत देणारी जागा बारावीचे हे तीस गुण एवढीच उरते. तीही आपण फुकट वाटून टाकली, तर तुरटी आणि मोरचूद हातात घेऊन ओळखायला मूल शिकणार कुठे?

शिक्षकांची अडचण खरी आहे. वर्ग भरलेले, साहित्य अपुरे, वरून निकालाचा दबाव. म्हणून कडक गुण द्या एवढेच म्हणणे अर्धवट ठरेल. कडकपणा न्याय्य होतो तो अपेक्षा आधी सांगितल्यावर. इथे अमेरिकेतल्या शाळांत आपली मुले एपी केमिस्ट्री घेतात, त्यातले मला आवडणारे एकच सांगतो. 60 पर्यायी आणि 7 लेखी प्रश्नांच्या त्या परीक्षेतील लेखी प्रश्नांचे गुणवाटप कॉलेज बोर्ड नंतर जाहीर करते, नमुना उत्तरांसह. कोणत्या पायरीला गुण, एकक चुकले तर काय, आधीचे उत्तर चुकले पण पुढची रीत बरोबर असेल तर काय, हे कोणीही वाचू शकते. तिथले सगळेच आदर्श आहे असे नाही. त्या परीक्षेत ब्युरेट हातात धरावा लागत नाही, आणि वर्गात ए मिळवणारे मूल मे महिन्यात पाचपैकी दोनवर येते तेव्हा तोच भरवशाचा घोटाळा इथेही दिसतो. तो ए टिकावा म्हणून शिक्षकांना ईमेल पाठवून अर्धा गुण मागणारे पालक इथल्या आपल्याच मराठी मंडळात आहेत. त्यांनीही थांबून विचार करावा.

गावाकडे करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. तीस गुण कसे विभागले आहेत ते जूनमध्येच प्रयोगशाळेच्या दारावर लावावे. सुबक आकड्यांपेक्षा स्वतः घेतलेल्या रीडिंगला, मग ते थोडे चुकलेले का असेना, जास्त गुण द्यावेत. प्रत्येकाच्या फ्लास्कमध्ये थोड्या वेगळ्या तीव्रतेचे द्रावण द्यावे, म्हणजे शेजारच्याचा आकडा उपयोगी पडणार नाही. जर्नलवर प्रयोग झाला त्याच दिवशी सही व्हावी. यातल्या कशालाच सरकारी आदेशाची गरज नाही.

आपल्यापैकी जे अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तीन गावांतून आले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या सुट्टीत आपल्या जुन्या कॉलेजात जा आणि प्रयोगशाळेला ब्युरेट, पिपेट, रसायने लागतात का ते विचारा. लागत असतील तर वर्गणी काढून देऊ. सोबत एकच अट घालू, की त्या ब्युरेटमधून आलेले रीडिंग जसे आले तसे लिहिले जाईल आणि त्यालाच गुण मिळतील. मुलाला तीसपैकी बावीस मिळाले तर घरी त्याचे अभिनंदन करा. ते बावीस त्याचे स्वतःचे असतील.