वैमानिकाची झोप आणि कंपनीचा ताळेबंद

भोरहून वरंध घाट उतरून महाडला येणाऱ्या एस. टी.त बसलेल्या माणसास आपल्या जिवाची दोरी कोणाच्या हाती आहे, हे समोर दिसत असते. चालक पेंगुळला आहे असा नुसता संशय आला, तरी वाहक त्यास हाक मारतो आणि वेळ आलीच तर गाडी चहाच्या टपरीपाशी उभी राहते. विमानाच्या प्रवाशास ही सोय नाही. वैमानिकाच्या कक्षाचे दार बंद असते आणि तो काल किती तास निजला, हे तिकिटावर छापलेले नसते. २५ डिसेंबर २०२५ पासून रायगड जिल्ह्यातच, उलव्याला, प्रवासी विमाने उतरू लागल्यामुळे महाड-पोलादपूरच्या माणसासही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही.

त्याच महिन्याच्या आरंभी इंडिगो कंपनीच्या कारभाराचा जो बोजवारा उडाला, त्याने पडद्यामागचा व्यवहार एकदम उघड्यावर आणला. देशांतर्गत विमानप्रवाशांपैकी शेकडा साठांहून अधिक जण या एका कंपनीच्या विमानांतून प्रवास करतात. ५ डिसेंबर या एकाच दिवशी तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कोणाचे लग्न चुकले, कोणाची परीक्षा बुडाली. विमाने शाबूत होती, आकाशही बहुतेक ठिकाणी निरभ्र होते. ती चालविण्यास कायद्याने मोकळा असलेला माणूस मात्र नव्हता.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी या धंद्याची घडी पाहिली पाहिजे. जमिनीवर उभे असलेले विमान दिडकीही मिळवीत नाही. म्हणून ते उतरल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात प्रवासी उतरवून, झाडलोट करून, इंधन व सामान भरून पुन्हा उडविले जाते. दिवसभरात तेच विमान चार-पाच शहरे गाठते. परंतु वैमानिक दिवसभर त्याच विमानाबरोबर राहत नाही. विमानांचा तक्ता वेगळा आणि माणसांच्या पाळ्यांचा तक्ता वेगळा. हे दोन्ही तक्ते ठरल्या वेळी, ठरल्या गावी जुळावे लागतात. सकाळी दिल्लीस धुक्यामुळे दोन तास गेले, तर सायंकाळी मुंबईत विमान व प्रवासी सज्ज असूनही वैमानिकाचे कायदेशीर तास भरलेले असतात. अशा वेळी उपयोगी पडावेत म्हणून राखीव वैमानिक ठेवायचे असतात. हिशेबनिसाच्या दृष्टीने मात्र असा वैमानिक म्हणजे काही न करता पगार घेणारा मनुष्य होय! त्याची संख्या घटविली की ताळेबंद सुरेख दिसतो.

वैमानिकांच्या विश्रांतीचे सुधारलेले नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. साप्ताहिक विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर गेली आणि रात्री विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. कंपन्यांनी कुरकूर केली, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत हे नियम अमलात आले. म्हणजे तयारीस जवळजवळ दोन वर्षे मिळाली. हेच नियम इतर कंपन्यांनाही लागू होते. त्यांची अशी दाणादाण उडाली नाही. इंडिगोने हिवाळी वेळापत्रकात उड्डाणे वाढविली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्यास संमतीही दिली. उड्डाणे वाढत आहेत आणि विश्रांतीही वाढत आहे, तर वैमानिक किती लागतील, ही त्रैराशिकाची साधी बेरीज-वजाबाकी दिल्लीच्या कचेरीत कोणीच मांडली नाही काय?

पुढे जे घडले ते अधिक चिंताजनक आहे. महासंचालनालयाने रात्रपाळीच्या नियमांतून इंडिगोस १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. हजारो माणसे विमानतळांवर अडकली असता सरकारपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता, हे आम्ही मान्य करतो. तिकिटांच्या दरांवर मर्यादा घातली, उड्डाणांत दहा टक्के कपात करविली, हेही योग्यच झाले. परंतु जो पुरेशी माणसे ठेवीत नाही त्याच्यासाठी नियम वाकतो, आणि जो ठेवतो तो मूर्ख ठरतो, असा अर्थ इतर कंपन्यांनी त्यातून काढला तर त्यांना दोष कसा द्यावा? जानेवारी २०२६ मध्ये इंडिगोस २२ कोटी २० लाख रुपये दंड झाला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

विश्रांतीचे हे नियम म्हणजे वैमानिकांचे लाड, असे बोलणारे लोक आहेत. त्यांनी मंगळूरचा अपघात आठवावा. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ माणसे दगावली. मुख्य वैमानिक त्या उड्डाणात दीड तासाहून अधिक काळ झोपला होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. विमान फार उंचावरून, फार वेगाने खाली येत असताना सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सुचविले. पण झोपेची गुंगी पुरती न उतरलेल्या मनाने ते मानले नाही.

आता महासंचालनालयाने एक गोष्ट तरी करावी. पुढील प्रत्येक हंगामाच्या वेळापत्रकास संमती देण्यापूर्वी कंपनीकडे किती उड्डाणांसाठी किती वैमानिक आहेत आणि त्यांतले राखीव किती, हा आकडा मागवून जाहीर करावा. कंपन्या व्यापारी गुपिताची सबब पुढे करतील. ती ऐकून घेऊ नये.