नाव स्पिटफायरचे, राबणूक हरिकेनची



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत चार मुले आणि दोन मुली मिळून दुसऱ्या महायुद्धातल्या एका लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती तयार करीत आहेत. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग येतात, ते जोडायचे आणि रंगवायचे. सहा जणांनी वर्गणी काढून एकच खोका आणला. त्यावरून पालकांनी आम्हाला तीन प्रश्न विचारले. पहिला, अभ्यासाचा वेळ खेळण्यात का घालवायचा? दुसरा, माणसे मारणारे विमान मुलांच्या हाती कशाला? तिसरा प्रश्न एका आईने जरा बाजूला घेऊन विचारला, "भाऊ, पोरं करतात ते ठीक आहे. पण आमच्या पोरीला ह्यातून काय मिळणार?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. कष्टाच्या पैशातून मुले शिकवणाऱ्या आईबापांनी ते विचारलेच पाहिजेत. त्यांची उत्तरे आम्ही त्या विमानाच्याच आधाराने देणार आहोत.

विमानाचे नाव हॉकर हरिकेन. सिडनी कॅम या ब्रिटिश अभियंत्याने त्याचा आराखडा केला आणि ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ते पहिल्यांदा उडाले. ब्रिटनच्या युद्धकथांत मात्र जास्त गाजते ते त्याच्यानंतर चार महिन्यांनी उडालेल्या स्पिटफायरचे नाव. स्पिटफायर देखणे आणि वेगवान होते, यात वाद नाही. पण १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांनी ब्रिटनवर हल्ले चढवले, तेव्हा बचावाच्या फळीत हरिकेनच्या तुकड्या स्पिटफायरपेक्षा जास्त होत्या आणि शत्रूची जास्त विमाने हरिकेननेच पाडली. नाव एकाचे आणि राबणूक दुसऱ्याची, हा अनुभव कारखान्यात, गोदीत, कचेरीत घाम गाळणाऱ्या आपल्या माणसांना नवा नाही. म्हणूनच मुलांनी हरिकेन निवडले, तेव्हा आम्हाला बरे वाटले.

आता पहिला प्रश्न. हे खेळणे आहे, पण त्यात अभ्यास भरलेला आहे. प्रतिकृतीचे प्रमाण एकास बहात्तर असते. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, म्हणजे खऱ्या विमानाजवळ उभा असलेला सहा फुटी माणूस इथे बरोबर एक इंचाचा होतो. हरिकेनच्या पंखांचा विस्तार चाळीस फूट. चाळीसाचे इंच करा, बहात्तरने भागा, उत्तर आले पावणेसात इंचांना किंचित कमी. लांबी सुमारे बत्तीस फूट, ती साडेपाच इंचांच्या आत बसते. प्रमाणाची गणिते वहीत सोडवताना कंटाळणारा मुलगा इथे पट्टी घेऊन स्वतःहून हिशेब करतो, हे आम्ही रोज पाहतो आहोत.

अशा प्रतिकृतींना युद्धकाळात सरकारी कामाचे मोल होते. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने देशातल्या शाळांकडे पाच लाख विमान-प्रतिकृतींची मागणी केली. प्रमाण हेच, एकास बहात्तर. विद्यार्थ्यांनी लाकूड तासून ती बनवायची आणि सैनिकांनी त्यांवरून आपले विमान कोणते, शत्रूचे कोणते हे ओळखायला शिकायचे. ज्यांना खोका परवडत नाही त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मऊ लाकडाचा तुकडा, कागदावर काढलेला नमुना, चाकू आणि काचपेपर एवढ्यावरही हे काम होते.

आता कृती. खोका उघडल्यावर आधी सूचनापत्रक पूर्ण वाचावे आणि भाग मोजून घ्यावेत. सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवावेत, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. भाग चौकटीपासून पिरगळून तोडू नयेत, नेलकटरने कापावेत आणि टोक घासून सपाट करावे. कोणताही भाग आधी न चिकटवता जुळवून पाहावा. वैमानिकाची बैठक आतून आधी रंगवावी, कारण धडाचे दोन अर्धे भाग एकदा जोडले की आत कुंचला पोचत नाही. प्लास्टिकचा गोंद हा नुसता चिकट नसतो, तो प्लास्टिक विरघळवून सांधा पक्का करतो. म्हणून तो अगदी थोडा लावावा आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण त्याचा वास डोक्यात जातो. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण त्या गोंदाने पांढुरके होते, त्याला साधा पांढरा फेव्हिकॉल बरा. पंख जोडल्यावर विमान समोरून पाहावे. दोन्ही टोके सारखीच वर उचललेली असली पाहिजेत. टोकांखाली काड्यापेट्या ठेवून रात्रभर तसेच राहू द्यावे.

यापुढे काचपेपर येतो, आणि इथे सावध राहायला हवे. धडाच्या मागच्या अर्ध्या भागावर लांबच्या लांब बारीक उंचवटे दिसतात. मुलांना तो साच्याचा दोष वाटला आणि ती घासायला निघाली होती. तो दोष नव्हे. हरिकेनचे मागचे धड पत्र्याने मढवलेले नव्हते. आत पोलादी नळ्या, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वर ताणून बसवलेले कापड, त्या कापडावर डोप नावाचा लेप. ते उंचवटे म्हणजे कापडाखालच्या पट्ट्या. सबंध पत्र्याच्या विमानापेक्षा असे विमान दुरुस्त करणे सोपे होते. गोळी आरपार गेली तर तळावरच कापडाचे ठिगळ लावून, लेप देऊन ते पुन्हा आकाशात जाई. ते उंचवटे घासून टाकले तर विमान गुळगुळीत दिसेल, पण ते ज्यांनी बांधले आणि सांधले त्यांच्या कामाची खूणच पुसली जाईल. मुलांनी काचपेपर खाली ठेवला.

हे बांधणारे हात कोणाचे होते, यातच त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आहे. हरिकेन ब्रिटनप्रमाणे कॅनडातही बनले. तिथल्या फोर्ट विल्यम गावच्या कारखान्यात मुख्य विमान अभियंता होती एल्सी मॅकगिल नावाची एक बाई. १९२९ मध्ये तिने विमान अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळवली आणि त्याच वर्षी तिला पोलिओ झाला. पुन्हा चालता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. ती दोन काठ्यांच्या आधाराने चालायला शिकली. १९३८ मध्ये ती या कारखान्यात रुजू झाली. १९४३ पर्यंत तिथून चौदाशेहून अधिक हरिकेन बाहेर पडली. कामगारांची संख्या साडेचार हजारांवर गेली आणि त्यांत निम्म्या स्त्रिया होत्या. ज्या स्त्रियांना कारखान्याचे दार बंद होते, त्या तिथे रिव्हेट मारू लागल्या. ही बाई पुढे कॅनडातल्या स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाची सदस्यही झाली. माउली, आपल्या पोरीला यातून काय मिळेल असे तुम्ही विचारले होते. भाग बारकाईने पाहण्याची नजर, मोजमापाची सवय आणि 'हे मला जमते' हा भरवसा तिला मिळेल. सहा जणांत पंखांचा सांधा सर्वांत नेटका तिनेच बसवला आहे, हेही तुमच्या कानावर घालतो.

मग रंगकाम. डबी चांगली ढवळावी, रंग पातळ करावा, एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत आणि मधे पूर्ण वाळू द्यावे. फिकट रंग आधी, गडद नंतर. पोटाकडून राखाडी, पाठीवर मातकट तपकिरी आणि त्यावर गडद हिरवे पट्टे. वरून पाहणाऱ्याला विमान जमिनीत मिसळून जावे, हा त्यामागचा हेतू.

मुलांनी आपले विमान १९४४ च्या इंफाळ आघाडीवरचे करायचे ठरवले आहे. जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला होता, तेव्हा भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी तिथे हरिकेन घेऊन लढत होती. या विमानाच्या खुणेत एक गोष्ट वेगळी आहे. ब्रिटिश विमानांवर निळे, पांढरे आणि मधोमध लाल असे वर्तुळ असे. पण जपानी विमानांची खूण होती लाल गोळा. आकाशातला लाल ठिपका पाहून आपल्याच विमानावर आपल्याच तोफा चालू नयेत, म्हणून या आघाडीवर लाल रंग काढून टाकला गेला. उरले गडद निळे वर्तुळ आणि आत फिकट ठिपका. तेव्हा खोक्यातली लाल ठिपक्याची खूण डोळे झाकून लावू नये. रंगाच्या एका ठिपक्यावर माणसांचे जीव अवलंबून होते.

इंफाळच्या त्या तुकडीचे प्रमुख होते अर्जन सिंग. त्यांना तिथेच पदक मिळाले, पुढे ते हवाई दलप्रमुख झाले आणि २००२ मध्ये हवाई दलाचे मार्शल. तो मान योग्यच. पण हवाई दलाचे पहिले पथक १ एप्रिल १९३३ रोजी उभे राहिले तेव्हा त्यात सहा अधिकारी होते आणि एकोणीस हवाई सिपाही. इंजिन खोलणारे, तारा ताणणारे, ठिगळे लावणारे ते हे सिपाही. त्या पिढीत हवाई सिपाही म्हणून भरती झालेले हरजिंदर सिंग एअर व्हाइस मार्शल पदापर्यंत पोचले, आणि १९६१ मध्ये कानपूरला तयार होऊन उडालेल्या पहिल्या अ‍ॅव्रो विमानामागे त्यांचा मोठा पुढाकार होता. बाकीच्यांची नावे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

राहिला दुसरा प्रश्न, युद्धाचा. हे विमान माणसे मारण्यासाठीच बनले होते. ते मुलांपासून लपवू नये आणि त्याचा गौरवही करू नये. तो जपानी वैमानिकही कोणाचा तरी मुलगा होता, हे आम्ही मुलांना सांगितले आहे. विमानाला बंदुका का लागल्या, हा प्रश्न ज्याला पडतो तो मुलगा युद्धाकडे सिनेमातल्यासारखे पाहत नाही.

शेवटी एक सूचना. विमान पूर्ण झाले की ते लाकडी फळीवर बसवतात आणि खाली चिठ्ठी लावतात. त्या चिठ्ठीवर विमानाचे नाव लिहावे, तुकडीच्या प्रमुखाचे लिहावे, आराखडा करणाऱ्याचे लिहावे. त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आणखी एक ओळ लिहावी: कारखान्यातल्या कामगार स्त्री-पुरुषांनी बांधले, हवाई सिपाह्यांनी उडते ठेवले. आणि सर्वांत खाली आपल्या सहा मुलांची नावे, कारण हे विमान त्यांच्या हातांनी झाले आहे.