हॅसलब्लाड नको, रोल घ्या!

जुना मिडियम फॉरमॅट कॅमेरा घ्यायचाय म्हणून कोणी सल्ला विचारला की उत्तरं ठरलेली असतात. "घ्यायचाच तर हॅसलब्लाड घे." "एका लेन्सने काय होतंय, निदान तीन तरी हव्यात." आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे, "पैसे कुठे जात नाहीत रे, किमती वाढतातच आहेत, गुंतवणूक समज!" विचारणारा बिचारा वर्षभराची बचत घालून पेटी घरी आणतो. दोन रोल काढतो. एकावर प्रकाश शिरलेला, दुसऱ्यावर फ्रेम एकमेकींवर चढलेल्या. मग दुरुस्तीचा आकडा ऐकतो आणि पेटी जाते दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, पितळी समईशेजारी. या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. राहवत नाही म्हणून लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच. पहिला मिडियम फॉरमॅट कॅमेरा साधा, यांत्रिक आणि एका लेन्सचा घ्यावा. उरलेले पैसे एका चांगल्या दुरुस्तीत आणि रोलमध्ये घालावेत. बाकी सगळं नंतर.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इथला रोल म्हणजे १२० नंबरचा, मागे कागद असलेला, सुमारे ६ सेंटिमीटर रुंदीचा. कोडॅकने तो १९०१ मध्ये आणला आणि आजही तो बनतो. त्यावर ६×६ च्या १२, ६×७ च्या १० आणि ६×४.५ च्या १५-१६ फ्रेम बसतात. ६×६ ची फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिमी चौरस असते, म्हणजे ३५ मिमीच्या फ्रेमच्या साडेतीन पटीहून जास्त क्षेत्रफळ. सगळी जादू काय ती इथे आहे, कॅमेऱ्यावरच्या नावात नाही. आपल्याकडे तर हा फॉरमॅट परका नव्हताच. 'आगफा क्लिक थ्री' आठवतोय का? एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. जुन्या अल्बममध्ये काळ्या कागदावर कोपरे खोचून बसवलेले चौकोनी फोटो बघा, त्यातले कितीतरी १२० च्या रोलवरचे निघतील.

आता त्या सल्ल्यांकडे वळू.

"चंद्रावर गेलेला कॅमेरा आहे तो!" हे वाक्य हमखास येतं. गेला होता, १९६९ मध्ये. पण अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या जमिनीवर जो वापरला, तो मोटारवर चालणारा, खास तयार केलेला ५०० ईएल होता. तुम्हाला विकायला काढलाय तो ५०० सी/एम. आणि गंमत बघा, तिथे त्याच्यावर लेन्स एकच होती, ६० मिमीची. चंद्रावर एका लेन्सने भागलं आणि तुम्हाला लोणावळ्याला जायला तीन हव्यात?

या तीन लेन्सची खरी मेख विकणारा सांगत नाही. हॅसलब्लाडची ५०० मालिका, मामिया आरबी६७, ब्रोनिकाचे ईटीआरएस आणि एसक्यू, या सगळ्यांत शटर कॅमेऱ्यात नसतं, प्रत्येक लेन्सच्या आत असतं. म्हणजे तीन लेन्स घेतल्या की पन्नास वर्षांची तीन घड्याळं घेतली. प्रत्येकाचं तेल वेगळं सुकणार, प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी. बॅकचं सील गळतं ते आणखी वेगळंच. मिळतील तिथे तीन लेन्स जमवण्याच्या नादात एकही नीट नसलेला संच गळ्यात पडतो.

आणि "गुंतवणूक"? सोनं लॉकरमध्ये ठेवलं तर सोनंच राहतं. कॅमेरा ठेवला तर मरतो. वंगण घट्ट होतं आणि एक सेकंदाचं शटर दोन सेकंद कुरकुरत बसतं. आपल्या पावसाळ्यात, त्यातून कोकणात नाहीतर मुंबईत, चामड्याच्या केसमध्ये बंद ठेवलेल्या लेन्सला दोन-तीन मोसमांत बुरशी धरू शकते. ती वाढली की काचेवरचं कोटिंग खाते, मग पुसूनही डाग जात नाही. म्हणजे किंमत वाढेल म्हणून कपाटात ठेवणारा माणूस नेमकी तीच वस्तू खराब करत असतो. ज्यांचे सुटे भाग आता बनत नाहीत, त्यांच्याशी हा खेळ मला तरी पाप वाटतो.

इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांचं तर विचारूच नका. कॉन्टॅक्स ६४५ सुंदर आहे, मान्य. पण क्योसेराने २००५ मध्ये कॉन्टॅक्सचा धंदा गुंडाळला. आतली सर्किट गेली तर नवी कुठून आणणार? दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून. ब्रोनिका ईटीआरएसची बॅटरी संपली तर एकच वेग उरतो, १/५००. सरावलेल्या माणसाने हे कॅमेरे जरूर घ्यावेत. पहिलाच कॅमेरा घेणाऱ्याच्या गळ्यात ते मारू नयेत.

मग घ्यायचं काय? दोन डोळ्यांचा टीएलआर. यशिका मॅट १२४जी, रोलायकॉर्ड, मिनोल्टा ऑटोकॉर्ड यांपैकी जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो. नाव शेवटी बघा. १२४जीच्या मीटरसाठी जास्त पैसे मोजू नका. तो पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलाय, ती आता मिळत नाही आणि मोबाईलवरचं मीटरचं अॅप तेवढं काम करतं. मीटर नसलेली यशिका मॅट बहुधा स्वस्तात मिळते.

जुन्या बाजारात जा नाहीतर बोरा बाजारात, कॅमेरा हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मागचं झाकण उघडा, शटर एक सेकंदावर लावा आणि कान द्या. मग १/२, १/४ असे खाली उतरत जा. पाती तेलकट दिसली तर किंमत पाडा. खालच्या लेन्समधून टॉर्च मारून पलीकडून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की ती बुरशी. वरच्या लेन्समध्ये ती दिसली तर घाबरू नका, तिने फोटो निघत नाही, फक्त दिसतं. ऑटोकॉर्डची फोकसची दांडी जड लागली तर जोर करू नका, ती मोडण्यासाठीच प्रसिद्ध आहे. "चेक केलेला नाही, पण चालू असावा" असं विकणारा म्हणाला तर "बंद आहे" असं ऐकायचं.

घरी आणल्यावर आधी दुरुस्ती, मग रोल. आणि रोल म्हणजे एक नव्हे, दहा. रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन धरलं तर एका फ्रेमला शंभर रुपये सहज लागतात. म्हणून सुरुवात कृष्णधवलने करा आणि घरी धुवायला शिका. टाकी, दोन-तीन रसायनं आणि एक अंधारी बॅग पुरते. मे महिन्यात नळाचं पाणी काही २० अंशांवर येत नाही, तेव्हा बाटल्या बर्फाच्या बादलीत ठेवा. आपल्या उन्हाचाही विचार करा. या कॅमेऱ्यांचा सर्वांत जास्त वेग १/५०० च्या आसपास. भर दुपारी ४०० चा रोल घातला तर थेट एफ/१६ वर जावं लागतं. उन्हाला १००-१२५ चा रोल, ४०० चा सावलीला आणि पावसाळ्याला.

आणि कृपा करून एवढं सगळं करून दुकानातला सर्वांत स्वस्त, मोबाईलपुरता स्कॅन घेऊ नका. साडेतीन पट मोठी निगेटिव्ह काढून तिचं टपाल तिकीट करण्यात काय अर्थ आहे?

विरोधी बाजूचंही खरं ते मान्य करतो. टीएलआर साधारण मीटरभराहून जवळ जाऊ देत नाही. जवळून काढताना वरच्या डोळ्याला दिसतं एक आणि खालचा टिपतो थोडं वेगळं. चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, पहिले चार रोल वैताग येतो. ज्याला फक्त चेहरेच काढायचेत त्याला ८० मिमी आखूड पडेल. त्याने लेन्स बदलता येणारा मामिया सी२२० घ्यावा, पण लेन्स तरीही एकच, १३५ मिमीची. बाकीच्यांनी व्हिव्हियन मायरकडे बघावं. शिकागोच्या रस्त्यांवर तिने रोलायफ्लेक्सच्या त्या एकाच जागच्या लेन्सने हजारो फोटो काढले. आपल्या होमाई व्यारावाला यांच्या हातातही रोलायफ्लेक्स असे. लेन्स कमी पडली म्हणून त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

हे कॅमेरे बनवणारे गेले, दुरुस्त करणारेही थकत चाललेत. जे हात शिल्लक आहेत त्यांच्याकडे काम जायला हवं. ते जाईल कॅमेरे वापरात राहिले तरच. तेव्हा कोणी पुन्हा "गुंतवणूक समज" म्हणालं, तर त्याला एकच विचारा: बाबा रे, तुझ्या त्या पेटीतून शेवटचा रोल कधी निघाला?