दोन मिनिटांची सबब

हुतात्मा दिनाला दोन मिनिटं थांबणं जमणार नाही, असं कोणी तोंडावर सांगितलं तर मला वाईट वाटतं, पण त्या माणसाशी बोलता येतं. खोटी सबब पुढे केली की बोलणंच खुंटतं.

३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता देशभर काम आणि रहदारी थांबवून दोन मिनिटं मौन पाळावं, अशा सूचना केंद्रीय गृह मंत्रालय दरवर्षी राज्यांना पाठवतं. जिथे शक्य असेल तिथे भोंगा वाजवायचा. शाळांत, सरकारी कचेऱ्यांत माणसं उभी राहतात. बाजारपेठेत मात्र अकराचे अकरा पाच होतात आणि कोणाला पत्ताही नसतो. दुकानदार थांबला नाही म्हणून कोणी पावती फाडायला येत नाही. म्हणूनच इथे प्रश्न उरतो तो फक्त मनापासून उभं राहण्याचा.

यंदा त्या वेळी मी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात होतो. दुकान नुकतंच उघडलं होतं, गिऱ्हाईक म्हणून मी आणि एक बाई. मोठ्या आवाजात गाणी चालू होती. मी मॅनेजरला म्हणालो, ‘साहेब, अकरा वाजतायत. दोन मिनिटं गाणी बंद ठेवता का? हुतात्मा दिन आहे.’ त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी काउंटरवरच्या मुलाला खूण केली, ‘आवाज कमी कर रे जरा.’ मुलाने आवाज कमी केला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ते म्हणाले, ‘सॉरी सर, म्युझिक मुंबईहून चालतं. इथून आम्हाला काहीच करता येत नाही.’

मी त्या मुलाकडे पाहिलं. तो खाली मान घालून बिलाचा कागद नीट करत बसला.

मग पुढची सबब आली. ‘आमची कंपनी अशा विषयांत पडत नाही.’ दारावर तिरंगी फुगे अजून लटकत होते. २६ जानेवारीच्या सेलचा फलकही उतरवलेला नव्हता. चार दिवसांपूर्वी देश चालत होता, कारण त्याने विक्री होत होती. त्याच देशासाठी जीव दिलेल्यांची आठवण आली की तो ‘अशा विषयांत’ गेला. शेवटी ते म्हणाले, ‘कस्टमर नाराज होतात.’ त्या बाई आमचं बोलणं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘मी नाही हो नाराज.’ एव्हाना अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

नाशिकला तरी हा दिवस परका वाटू नये. गांधीजींच्या अस्थी इथे रामकुंडात विसर्जित झाल्या. आणि हा दिवस त्यांच्या हत्येचा असला, तरी मौन स्वातंत्र्यासाठी प्राण देणाऱ्या सगळ्यांसाठी असतं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री इथल्याच विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. कान्हेऱ्यांचा मार्ग आणि गांधींचा मार्ग यांत जमीन-अस्मानाचं अंतर, पण त्या दोन मिनिटांत दोघांनाही जागा आहे. मला या प्रथेचा हाच मोठेपणा वाटतो.

पोलंडमधल्या वॉर्सात १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता, नाझींविरुद्धच्या १९४४ च्या उठावाच्या स्मरणार्थ भोंगे वाजतात. भर रस्त्यात मोटारी आणि ट्राम थांबतात, माणसं उतरून उभी राहतात. पोटापाण्याचे उद्योग त्यांच्याही मागे आहेतच.

खरी अडचण असू शकते, हे मला मान्य आहे. सातपूरला उष्णता-प्रक्रियेचं काम करणारे एक कारखानदार माझ्या ओळखीचे आहेत. ते म्हणाले, ‘भट्टी थांबवली तर आतला अख्खा माल रिजेक्ट होतो. भट्टीवरचा माणूस हलणार नाही. बाकीचे उभे राहतात, मीही राहतो.’ मेन रोडवरच्या एका वयस्कर भांडीवाल्या काकांनी तर सरळ सांगितलं, ‘लक्षातच राहत नाही बघा.’ या दोन्ही उत्तरांत हुतात्म्यांचा अपमान नाही. काकांना पुढच्या वर्षी आठवण करता येईल. मुंबईच्या नावाने खोटं बोलणाऱ्या मॅनेजरला कसली आठवण करून द्यायची? तो तर सगळं जाणून होता.

भोंगा ऐकू येत नाही, ही तक्रारही खरी आहे. शहर पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत पसरलंय, भोंगा पोचणार कुठवर? पण ‘निमा’ आणि ‘आयमा’ या उद्योजकांच्या संघटनांचे निरोप एका संध्याकाळीत सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर जातात, व्यापारी संघटनांचेही जातात. २९ जानेवारीला तसाच एक निरोप पाठवावा, अशी माझी त्यांना विनंती आहे: उद्या अकराला दोन मिनिटं, ज्यांना थांबवता येणार नाही त्यांनी यंत्रं चालू ठेवावीत, पण माणसांना उभं राहू द्यावं.